परतीची पावती

कसबा बावड्याच्या रस्त्यावरची ती सकाळ आजही माझ्या आठवणीतून गेलेली नाही. नव्वदचे दशक संपत आले होते आणि मी कोल्हापूर शहर वाहतूक शाखेत उपनिरीक्षक होतो.

शाखेत निनावी फोन आला : 'तुमचा हवालदार दूधवाल्यांची लायसन्स काढून घेतो आणि पैसे खाऊन परत देतो. आम्हाला मात्र जागेवर पावती!' वरिष्ठांनी माझ्याकडे चौकशी दिली; सोबत निष्कर्षही दिला. निलंबनाचा प्रस्ताव तयार ठेवा, म्हणाले. हवालदाराची निवृत्ती जवळ आली होती.

साध्या कपड्यांत मी त्याच्या चौकातल्या चहाच्या गाड्यापाशी उभा राहिलो. सिग्नल तोडणाऱ्या एका दूधवाल्याला हवालदाराने अडवले, लायसन खिशात घातले आणि भरल्या किटल्यांसह त्याला जाऊ दिले. पाठोपाठ आणखी काहींना तसेच सोडले. तक्रार खरी दिसत होती; परवा एका मोटारवाल्याला मात्र जागेवरच दंड केल्याची नोंद मी पावतीपुस्तकात पाहिली होती. मी हवालदाराला बाजूला घेतले.

"लायसन कशाला ठेवून घेता?"

"दूध नासतंय, साहेब. आत्ता पावती फाडत बसलो तर डेअरीची वेळ चुकतिया. परत येताना फाडतो की."

"आणि परवा त्या मोटारवाल्याला जागेवर का?"

"त्येच्या गाडीत काय नासणार हुतं?"

उत्तर उद्धट होते. खरे की खोटे, ते तपासायचे होते. त्याला पुन्हा चौकात पाठवून मी थांबलो. उन्हे चढली तसे दूधवाले रिकाम्या किटल्या वाजवत परतू लागले. कुणी न बोलावता थांबत, दंड भरत आणि पावतीसह लायसन घेऊन जात. मला ओळखत नसलेला एक जण चहाला टेकला आणि वैतागून म्हणाला, "पावणं, ह्यो बाबा कुणाला सोडत न्हाय बघा! माझा सख्खा मेव्हणा हाय, तरी फाडली की!"

लायसन जमा केल्याची पोच हवालदार देत नव्हता. ती चूक मी अहवालात नोंदवली. दंड मात्र कुणाचाही बुडालेला नाही, हेही लिहिले.

"हे शेवटचं वाक्य काढा," वरिष्ठ म्हणाले. फोन करणारा तोच मोटारवाला असून तो बड्या घरचा आहे, हे तोवर मला कळले होते.

माझा आवाज कधीच चढत नाही. तेव्हाही चढला नाही. "सर, वाक्य राहील. हवं तर मला काढा."

हवालदार ताकीद घेऊन नोकरीत राहिला. माझी बदली जिल्ह्याच्या पार टोकाला, चंदगडला झाली.

त्यानंतर मी स्वतःला अनेकदा तपासले आहे. शेतकऱ्याच्या घरातला म्हणून मला दुधाचा कळवळा आला का? मोटारीत आजारी माणूस असता, तर हवालदाराने तोही ओळखला असता का? खात्री देता येत नाही. सोडण्याचा आणि धरण्याचा अधिकार एकाच हाती असणे धोक्याचे आहे, हे मी मान्य करतो. पण सिग्नलचा खांब चौकात होताच. तरीही शासनाने त्याच्या शेजारी माणूस उभा केला होता, तो काही खांबासारखे वागण्यासाठी नव्हे. तो अहवाल आज पुन्हा लिहायला सांगितला, तर ते वाक्य मी पहिल्या ओळीत घेईन.