मीटरताईचं शेवटचं घर

माझ्या थोरल्या बहिणीला अख्खा परिसर मीटरताई म्हणतो. आधी दाजी घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचायचे. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी ताई लागली. कुणाचं कुत्रं चावतं आणि कुणाचं नुसतंच भुंकतं, हे तिला पाठ. मीटरसाठी ती माळ्यावरही चढेल. पण एक घर एकवीस वर्षं तिच्या डोळ्यांत खुपत होतं. शेतांच्या टोकाचं, मालकानं दाजींच्या वेळीच सोडून दिलेलं. दर महिन्याला ती तिथलं कुलूप बघून यायची आणि लिहायची, 'दार बंद'.

आणि दाजींची फुशारकी काय? "माझ्या यादीत एकही घर कोरं नाही!"

"थापाडे होते," ताई म्हणायची. "त्या घराचे आकडे घरी बसून ठोकत असणार." बोलायची हसत, पण ते खरं निघेल या भीतीनं तिचं तोंड उतरायचं.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी तिनं मालकाचा फोन मिळवलाच. किल्ली कधीच हरवली होती. "खिडकीतून जा हवं तर," तो म्हणाला. झालं! ताईनं मला ओढत नेलं. "चल, आज सोक्षमोक्ष लावते."

मागच्या खिडकीचे दोन गज निखळले होते. ताई अर्धी आत गेली आणि अडकली.

"ढकल की!"

"ढकलतेय! तू हसू नकोस, हसलीस की फुगतेस!"

टर्रकन आवाज झाला, खिळ्यानं तिची खाकी पँट फाडली आणि ती धपकन आत पडली. मागोमाग मी तिच्याच अंगावर. आम्ही सत्तावन्न आणि चोपन्न वर्षांच्या बायका, पण धुळीत बसून पोट धरधरून हसलो. कपाट उघडलं तर आतून कबुतरं फडफडत बाहेर. आम्ही किंचाळून एकमेकींना मिठी मारली, मग पुन्हा हसू. मला तर तिथून निघावंसंच वाटेना.

मीटर स्वयंपाकघराच्या दारामागे होता. शेजारी दोऱ्याला नोंदींचं कार्ड. ताईनं धूळ फुंकली आणि कार्ड डोळ्यांजवळ नेलं. दाजींचं तिरकं अक्षर होतं. शेवटच्या पाचही नोंदींपुढे लिहिलेलं, 'दार बंद. खिडकीतून आत.' आणि अगदी शेवटची: 'पँट फाटली. घरी सायकलवरून पडलो असं सांगणे.'

"अगं, ती पँट मीच शिवली होती!" ताई ओरडली. "पिऊन पडलात म्हणून दोन दिवस अबोला धरला होता ह्यांच्याशी."

मीटरचा आकडा कार्डावर होता तोच, एकानंही न हललेला. ताई हसत होती आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. दाजींच्या सहीखाली तिनं आकडा लिहिला, पुढे 'दार बंद. खिडकीतून आत. पँट फाटली.' आणि सही ठोकली.

मग मागचा फाटका भाग हातानं धरून मला म्हणाली, "सूनबाईला काय सांगायचं गं?"

"सायकलवरून पडलीस म्हणून सांग."