राहिलेला दोरा

कारखान्यात तिला सगळे कात्रीमावशी म्हणत. खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं, पण चिठ्ठीवरचं नाव वाचायला कुणाला सवड आहे? शर्ट शिवायचा कारखाना तो. बायका मशीनवर, इस्त्रीवाले पलीकडच्या भिंतीला, आणि मधल्या लांब टेबलाशी मावशी. नवा शिवलेला शर्ट म्हणजे दोऱ्यांचं लटांबर. काखेत, कॉलरखाली, प्रत्येक काजाच्या टोकाला एकेक शेपूट. ती शोधायची आणि कापायची, बावीस वर्षं मावशीचं हेच काम. गळ्यात लाल नाडीला अडकवलेली बोटभर कात्री. शर्ट झटकला की दोरा कुठं आहे ते डोळ्यांच्या आधी तिच्या बोटांना कळायचं. तपासनीस तिच्या ढिगातला शर्ट उलगडूनसुद्धा बघत नसे.

या हुशारीचा घरी मात्र तापच. टॉवेलच्या कडा, गादीचे टाके, नवऱ्याच्या मिशीतला एखादा बंडखोर केस, काहीही बाहेर आलेलं दिसलं की तिचा हात शिवशिवायचा. एकदा बसमध्ये पुढच्या बाईच्या स्कार्फला लोंबणारा दोरा तिने परोपकार म्हणून कापला. तो दोरा नव्हता, झालरीचा गोंडा होता. उतरेपर्यंत मावशीने जे ऐकून घेतलं ते तिने घरी नवऱ्यालाही सांगितलं नाही.

वरच्या मजल्यावर तिची मोठी जाऊ राहायची. जाऊबाईंच्या गॅलरीत काय उगवत नव्हतं ते विचारा. फुटका डबा ठेवला तरी त्यातून काहीतरी हिरवं डोकं वर काढायचं. मावशीच्या खिडकीत मात्र आजवर तीन झाडं आली आणि तिन्ही गेली. तिसरं गेलं तेव्हा जाऊबाई सुकलेली कुंडी हातात धरून अगदी मायेने म्हणाल्या, "तू नको गं नादाला लागूस. तुझा हात कापायचा आहे, लावायचा नाही."

रागाने बोलल्या असत्या तर परवडलं असतं. मायेने बोलल्या, म्हणून ते मावशीच्या काळजात जाऊन बसलं. आपला हात कापायचा. म्हणजे एवढी वर्षं या हाताने केलं ते काय, नुसतं कमीच करत आलो की काय? त्या दिवसापासून तिने मनाशी धरलं, एक झाड तरी आपल्या हातून फुलवायचं, आणि जाऊबाईंनी ते जिना उतरून खाली येऊन बघायचं.

कोणतं झाड, ते मालकांच्या केबिनबाहेर ठरलं. तिथल्या टेबलावर कुणीतरी भेट दिलेलं ऑर्किड होतं. चार जाड पानं, वाकलेला दांडा आणि त्यावर ओळीने बसलेली जांभळट फुलं. मावशी हजेरीला जाता-येता बघायची. पाणी कुणी घालत नव्हतं, ऊन तर नव्हतंच, आणि ते फूल अडीच महिने हललं नाही. असलं चिवट झाड आपल्या हातूनही मरायचं नाही, असं तिला वाटलं. शेवटी फुलं गळली. हिरव्यागार पानांची ती कुंडी तिथल्या मुलीने उचलून कचऱ्याच्या पिंपाशेजारी ठेवली. मावशी दोनदा तिथून गेली. मागायला तोंड उघडेना. कचऱ्यातलं काय मागायचं, लोक काय म्हणतील! दुसऱ्या दिवशी धीर करून विचारलं तर कुंडी गेलेली. त्या लाजेबद्दल तिने पुढे स्वतःला इतकी दूषणं दिली की ती लाजही लाजली असती.

मग सुरू झाली पायपीट. सुट्टीच्या दिवशी लोक झोपतात, मावशी नर्सऱ्या पालथ्या घालायला लागली. मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात ऑर्किड होती, सोनेरी कागदात गुंडाळलेली. भाव ऐकून तिचे डोळे पांढरे झाले. आठवड्याच्या पगारात एक कुंडी. "याच्यापेक्षा लहान नाही का, फुलं नसलेलं?" तिने विचारलं. विकणाऱ्या पोरीने तिच्याकडे असं बघितलं, जणू बिनबाह्यांचा शर्ट अर्ध्या किमतीत मागितलाय. "फुलं नसलेलं कोण घेणार, मॅडम?"

नदीकडचा नर्सरीवाला म्हणाला, "आहे की!" आणि लिलीचा कांदा काढून दिला. तिने हे ऑर्किड नाही म्हटल्यावर तोही चिडला. "याला पांढरं फूल येतं, त्याला जांभळं येतं, फूल ते फूलच ना?" तिसऱ्याने फोन नंबर लिहून घेतला, माल आला की कळवतो म्हणाला. त्याचा माल अजून यायचाय. चौथा म्हणाला, इकडच्या हवेत ते होतच नाही, उगाच पैसे घालवू नका. त्याच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर एक लटकलेलं होतं. "मग हे काय?" तर म्हणे, "ते आमच्या बायकोचं आहे."

कुणीतरी पोस्टमास्तरांचा पत्ता दिला. निवृत्त गृहस्थ, तिसऱ्या मजल्यावर राहणारे, गच्चीत शंभरेक ऑर्किड. मावशी धापा टाकत तीन जिने चढली. पोस्टमास्तरांनी तासभर एकेक कुंडी दाखवली. हे कुठून आणलं, ते कसं वाचवलं, अमुक वर्षी कशाला बक्षीस मिळालं. पाणी पुढे केलं नाही आणि तिला बोलायला फटही ठेवली नाही. शेवटी तिने घाईने विचारलं, "एखादं लहानसं रोप विकाल का मला?"

पोस्टमास्तरांनी चष्मा वर केला. "आधी काय काय लावलंय?"

मावशी खरं बोलली. तीन लावली, तिन्ही गेली.

"मग आधी एक मनीप्लांट जगवून दाखवा. सहा महिन्यांनी या."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय नोकरीचा अर्ज घेऊन आलेय? पुन्हा या माणसाची पायरी चढणार नाही, असं तिने तीन जिने उतरताना प्रत्येक पायरीला सांगितलं. घरी आल्यावर नवरा, तो बस डेपोत टायरच्या कामावर होता, शांतपणे म्हणाला, "प्लास्टिकचं घेऊन टाक. हुबेहूब मिळतात." त्या दिवशी त्याला जेवण वाढलं गेलं, पण शब्द एकही नाही.

चार महिने असेच गेले. आणि एक दिवस कामावरून येताना बसच्या खिडकीतून तिला टेम्पोतून ऑर्किडच्या कुंड्या उतरताना दिसल्या. तीस, चाळीस, मोजता येईनात इतक्या. ती पुढच्या स्टॉपला उतरली आणि उलटी पळत आली. ते सजावटवाल्याचं गोदाम होतं. हॉटेलांना, सभागृहांना भाड्याने कुंड्या पुरवायचा तो.

"विकायच्या नाहीत, भाड्याच्या आहेत," तो म्हणाला.

"आणि फुलं गळल्यावर काय करता?"

"टाकून देतो."

"कुठं?"

"इथंच. मागं."

मागे खरंच ढीग होता. हिरवी पानं असलेल्या जिवंत झाडांचा ढीग! कारखान्यापासून दोन स्टॉपवर! मावशीला हसावं की त्या माणसाला चार शब्द सुनवावेत ते कळेना. चार महिने ती गावभर तोंड वेंगाडत फिरत होती, आणि इथे दर आठवड्याला टोपलीभर झाडं फेकली जात होती. या वेळी मात्र लाजली नाही. ढिगात गुडघे टेकून तिने दोन धडधाकट झाडं निवडली. त्याने बसच्या तिकिटाएवढे पैसे घेतले, तेही ती देतेय म्हणून.

घरी आणून तिने ती खिडकीत ठेवली. कुंडीत माती नव्हती, कोळसा आणि सालीचे तुकडे होते. पानं पुसली, वाळका दांडा काढला. मग दोन पावलं मागे सरून बघितलं, तर काय हा अवतार! कुंडीच्या काठावरून सात-आठ राखाडी नाड्या बाहेर लोंबत होत्या, जाड, वाकड्यातिकड्या, एक तर खिडकीच्या गजाला चिकटू बघणारी. सजावटवाल्याने कशाने तरी बांधून आणली असणार, गबाळा मेला. मावशीने गळ्यातली कात्री धरली आणि दोन्ही कुंड्यांच्या नाड्या काठाला बरोबर कापून टाकल्या. कच्, कच्, कच्. कारखान्यातल्यासारखं सफाईचं काम. आता कशी झाडं शोभेलशी दिसत होती.

तीन आठवड्यांत पहिल्याची पानं सुरकुतली. तिने पाणी वाढवलं, मग कमी केलं. सावलीत ठेवलं, मग उजेडात. कुंडीशी बोलली, कुंडीवर ओरडली. पानं खालून एकेक पिवळी होऊन सुटत गेली. दुसऱ्याचीही दोन गळली, दोन उरली. जाऊबाईंच्या पावलांचा आवाज जिन्यावर आला की मावशी दार लोटून घ्यायची.

शेवटी अभिमान गुंडाळून ती ते मेलेलं झाड घेऊन पोस्टमास्तरांचे तीन जिने चढली. त्यांनी काही न विचारता झाड कुंडीतून उपसलं, उलटं केलं, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"मुळं कुठायत याची?"

"असतील की आत."

"आत दोन कुजकी आहेत. बाहेरची कुठं गेली? राखाडी, जाड, हवेत आलेली?"

मावशीने गळ्यातली कात्री मुठीत झाकली. "ते... दोरे? ते मी कापले."

पोस्टमास्तर हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी झाड अलगद खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाले, "अहो, ती मुळं हो. हे झाड मातीतलं नाही. हवेतलंच पाणी पितं ते, त्या मुळांनी."

"मला वाटलं, बांधलेलं सुटलंय," मावशी म्हणाली, आणि तिला रडू आलं. परक्या माणसाच्या गच्चीत, शंभर फुललेल्या ऑर्किडसमोर. ना पाण्याने मेलं, ना उन्हाने. तिच्या हाताने मेलं. जाऊबाई बोलल्या ते अक्षर न् अक्षर खरं ठरलं, आणि तेही तिच्याच कात्रीने.

पोस्टमास्तरांनी या वेळी पाणी आणून दिलं. "दुसरं जिवंत आहे ना? त्याला आता काही करू नका. काहीच नाही. फक्त बघा."

हे 'काहीच नाही' किती अवघड, ते मावशीलाच ठाऊक. घरात शिरताना कात्री काढून दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवायची, असा तिने नियम केला. झाडाजवळ गेली की हात पाठीमागे बांधायची. नवरा म्हणायचा, "शाळेत उभं केलंय का तुला?" महिना गेला, दीड गेला. दोन पानं तशीच. ना वाढत होती, ना मरत होती. जीव नुसता टांगणीला.

मग एका सकाळी पानाच्या बुडाशी हिरवं टोक दिसलं, तांदळाच्या दाण्याएवढं. दांडा! फूल! मावशीने बातमी पोटात ठेवायचा प्रयत्न केला, पण नवऱ्याला सांगितली, नवऱ्याने भावाला, आणि जाऊबाई त्याच संध्याकाळी जिना उतरून आल्या. वाकून बघितलं. "येतंय खरं काहीतरी," म्हणाल्या. मग त्या दर दोन दिवसांनी येऊ लागल्या. टोक बोटाच्या पेराएवढं झालं, वळलं, आणि वर जायचं सोडून सरळ खाली निघालं.

पोस्टमास्तरांकडे धावण्याची गरज नव्हती. त्यांनी सांगूनच ठेवलं होतं, चपटं टोक वर गेलं तर दांडा, गोल टोक भटकलं तर मूळ. तरी ती गेली, कारण आशा वेडी असते. त्यांनी वर्णन ऐकलं आणि मान हलवली. "मूळ."

एवढे महिने! एवढी पायपीट, एवढा अपमान, आणि फूल म्हणून वाट बघितली ते मूळ! संतापाने ती घरी आली. कात्री खिळ्याला अडकवायची राहिलीच. तशीच ताडताड खिडकीशी गेली. मूळ कुंडीच्या काठावरून बाहेर आलं होतं, राखाडी, वाकडं, लोंबणारं. जगातला सगळ्यात गबाळा दोरा. तिचा हात गळ्याशी गेला, बोटं कात्रीच्या कड्यांत शिरली, पाती उघडलीसुद्धा.

आणि मग ती उघडीच राहिली. मावशीने कात्री खाली सोडली. "वाढ मेल्या," ती म्हणाली, "काय वाढायचं ते वाढ."

मागे जाऊबाई उभ्या होत्या. "फूल ना?"

"नाही. मूळ."

"अगं बाई. एवढ्या दिवसांनी नुसतं मूळ?"

"मी कापलं नाही," मावशी म्हणाली.

जाऊबाईंनी तिच्या गळ्यातल्या कात्रीकडे बघितलं, लोंबणाऱ्या मुळाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी मुळावर शिंपडत जा," आणि वर गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्यात तपासनीस एक शर्ट घेऊन टेबलाशी आला. मशीनवरच्या बायका थांबून बघायला लागल्या, कारण हे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. त्याने शर्टाची बाही पसरली. कफाच्या शिलाईतून दोन बोटं लांब पांढरा दोरा लोंबत होता.

"मावशी, दोरा राहिला."

मावशीने दोरा बघितला. चांगला ठसठशीत होता, आंधळ्यालाही दिसला असता. बावीस वर्षांत पहिला. तिला लाज वाटायला हवी होती. तिला हसू फुटलं आणि ते आवरेना.

"हसताय काय? डोळे तपासून घ्या."

"डोळे ठीक आहेत," मावशी म्हणाली. "हात सुधारतोय माझा." आणि तिने दोरा कापून शर्ट त्याला परत दिला.