मावा पाळणाऱ्या वन्सं

आपली रोपं मेली म्हणून खूश होणारी बाई पृथ्वीच्या पाठीवर एकच असावी, आणि नेमकी ती माझी थोरली नणंद निघाली. वन्संनी नोकरीची सगळी वर्षं घाटावरच्या एका संशोधन केंद्रात चाऱ्याची पिकं सुधारण्यात घालवली. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रेला जातात. वन्सं पोलादपूरजवळच्या माहेरच्या जमिनीत लसूणघास लावून बसल्या. लसूणघास म्हणजे देशावर गाईम्हशींपुढे टाकतात तो तीन-तीन पानांचा हिरवा चारा. आमच्याकडच्या पावसात त्याची मुळं कुजतात आणि त्यातून वाचलाच तर हिवाळ्यात मावा नावाची बारीक कीड त्याचा रस शोषून टाकते. तरी माव्याला पुरून उरणारं वाण इथेच काढायचं, हा वन्संचा हट्ट.

त्यासाठी त्यांनी काय करावं? मावा पाळला. माजघरात लसूणघासाच्या कुंड्या, कुंड्यांवर मावा आणि माव्यावर मच्छरदाणी. स्वतः मात्र डास मारत झोपायच्या. थंडी पडली की हा पोसलेला मावा रंगाच्या ब्रशाने शेतातल्या रोपांवर अलगद नेऊन ठेवायच्या. शेजारचे गंगारामदादा बांधावर उभे राहून हे बघत आणि मला विचारत, "वयनी, आमी कीड मारतो नि ताई कीड पोसतात. ह्याला काय म्हनायचं?" मी महाडच्या शाळेत भूगोल शिकवणारी, मला काय ठाऊक! वन्संनी मला चार वेळा समजावलं आणि चारही वेळा मी "समजलं" म्हणाले. मरतील ती मरू द्यायची, राहतील त्यांचं बी धरायचं, ते पेरायचं आणि पुन्हा मावा सोडायचा. इथवर ठीक. पण सकाळी पाच-पन्नास रोपांनी माना टाकल्या की या "आज काम छान झालं गं," म्हणत दुसरा चहा घेत. अशा दिवशी त्यांचं सांत्वन करावं की अभिनंदन, हे मला कधी उमगलंच नाही.

गेल्या वर्षी ऐन माव्याच्या दिवसांत त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जावं लागलं. "पाणी दे. बाकी कशाला हात लावू नकोस," एवढं बजावून गेल्या. मी रजा टाकून राहिले. तिसऱ्या दिवशी वाफ्यांकडे बघवेना. पानं आखडलेली, शेंडे चिकट, बरीचशी रोपं आडवी. दवाखान्यातल्या माणसाने विश्वासाने सोपवलेलं शेत डोळ्यांदेखत मरतंय आणि आपण नुसतं पाणी घालतोय! मग महाडहून औषध आणलं, गंगारामदादांचा पंप घेतला आणि सगळं शेत फवारून काढलं. लगे हात माजघरातल्या कुंड्याही फवारल्या.

वन्सं काळा चष्मा लावून परतल्या तेव्हा शेत हिरवंगार होतं.

"सगळी जगली?" त्यांनी विचारलं.

"होती तेवढी सगळी," मी ऐटीत म्हणाले.

त्या बांधावर बसल्या. "मग यातली खरी कुठली गं?"

तेव्हा मला ते पाचव्यांदा समजलं, म्हणजे पहिल्यांदाच. आपल्या बळावर तगली असती ती मोजकी रोपं त्या हिरव्या गर्दीतच होती आणि आता ओळखू येणार नव्हती. मावा उरला नव्हता, उन्हाळा तोंडावर होता आणि पुढच्या पावसात सगळंच कुजणार होतं. चौथ्या हिवाळ्याची निवड मी प्रेमाने बुडवली होती. वन्सं रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. औषधाचा अंमल उतरल्यावर त्यांनी तो घास गंगारामदादांच्या गाईसाठी कापून दिला आणि मला म्हणाल्या, "आदल्या वर्षीचं मूठभर बी आहे. पण माझ्याकडे हिवाळे किती आहेत, तेही बघायला हवं."

या हिवाळ्यात त्या बियाची रोपं वाफ्यात आहेत. मावा मीच शोधून आणला. तुडीलपासून वरंधपर्यंत लोकांच्या वालाच्या शेतांत शिरून "तुमच्याकडे मावा आहे का हो?" असं विचारत फिरले. एका म्हाताऱ्याने शांतपणे विचारलं, "जिता पायजे का मेलेला?" ऑपरेशननंतरही वन्संची नजर पुरती निवळली नाही, म्हणून आता ब्रश माझ्या हातात असतो. परवा एका रोपाच्या भोवतालची सगळी वाळून गेली, पण ते ताठ उभं होतं. मी वन्संचा हात धरून त्यावर ठेवला. त्यांनी शेंड्यापासून बुडापर्यंत बोटं फिरवली.

"याला तू वाचवलं नाहीस ना?"

"नाही, वन्सं."

मग कितीतरी वेळ त्या ते रोप हातातून सोडेनात.