गाठीची बॅट

मंगळवारी नवरा शिफ्टला गेला. दुपारी कंपनीतून फोन आला. संध्याकाळी हॉस्पिटलमधून मी त्याच्याशिवाय घरी आले.

त्यानंतर सगळे माझ्याशी चांगलं वागू लागले आणि मला सगळ्यांचा संशय येऊ लागला. भाजीवाली न मागता कोथिंबीर टाकायची. मी लिफ्टमध्ये शिरले की चाललेलं बोलणं थांबायचं. रावेतच्या आमच्या सोसायटीत ज्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, ते माझी पिशवी उचलायला पुढे यायचे. मी शाळेत मराठी शिकवते, उरलेल्या वेळात वाचत बसते. लोकांची इतकी सवय मला नाही. यातलं माझ्यासाठी किती आणि दयेपोटी किती, हे कळायला मार्ग नव्हता.

म्हणून खालच्या मजल्यावरची शेजारीण दार वाजवून म्हणाली, "मॅडम, बायकांची क्रिकेट टीम केलीय. एक जण कमी पडतेय, या ना," तेव्हा मी "बघते" म्हणून दार लावलं. रविवारी सकाळी गॅलरीतून खाली खेळणाऱ्या बायका मोजल्या. एक खरंच कमी होती.

मी कधी बॅट धरलेली नव्हती. नवऱ्याची होती ती मला पेलणारी नव्हती, आणि ती मी त्याच्या कंपनीतल्या टीमला देऊन टाकली होती. शेजारीण म्हणाली, "हलकी, स्वस्तातली घ्या, हजारभराची. टेनिस बॉलला तेवढी पुरते."

कंपनीतल्या त्या टीमच्या विकेटकीपरला मी फोन करून विचारलं. तो महाळुंग्याचा, घरची शेती, नोकरी नवऱ्याच्याच कंपनीत. "डांगे चौकाजवळ दुकानदार माझ्या वळखीचा हाय, वहिनी. मीच येतो संगं." हे सोबत येणं मला खटकलं. बॅट सांगायची तर फोनवरही सांगता आली असती.

नवरा चाकणला कंपनीत बाहेरून येणाऱ्या मालाच्या तपासणीला होता. चांगल्या मालाला हिरवा टॅग, वाईटाला लाल. तिसरा पिवळा. म्हणजे दोष आहे, पण ज्या कामाला वापरायचा तिथे तो आड येत नाही; तेव्हा कुणीतरी जबाबदारीने सही करायची आणि माल आत घ्यायचा. याला ते म्हणत 'डेव्हिएशनवर पास'. घरी माझी वाकडी भाकरी तो रोज डेव्हिएशनवर पास करायचा. माठ, नारळ, कलिंगड, काहीही आणलं की बोटाने वाजवून बघायचा. भाव कमी असला तर म्हणायचा, "याला कारण असणार. ते सापडेपर्यंत पास नाही."

दुकानात शिरल्यावर दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग कीपरकडे पाहिलं, आणि कोपऱ्यातून एक बॅट काढून माझ्या हातात दिली. हलकी होती. पात्याच्या खालच्या टोकाला लालभडक स्टिकर. त्याने सांगितलेला भाव शेजारणीने सांगितलेल्याच्या निम्माही नव्हता.

"इतकी स्वस्त कशी?"

"ओळखीचा भाव, ताई."

कीपर तेवढ्यात पाठ करून स्टंप बघायला लागला. त्याला स्टंप घ्यायचे नव्हते. मला वाटलं, याने आधीच येऊन काहीतरी ठरवलंय. वरचे पैसे हा भरणार आणि मी बॅट घेऊन खुशीत घरी जाणार. मी बॅट परत ठेवणारच होते. पण कारण सापडल्याशिवाय लाल टॅगसुद्धा लावता येत नाही.

मी पर्समधून घराची किल्ली काढली आणि दांड्याखालून पातं वाजवत खाली आले. टण्, टण्, टण्. स्टिकरपाशी आवाज बद्द झाला. मी पुन्हा वाजवलं. मग नखाने स्टिकरचं टोक उचकटलं.

"अहो ताई, स्टिकर नका काढू! परत घेत नाही मग."

"परत कोण देतंय?"

स्टिकरखाली लाकडाची गाठ होती, कडेने पुट्टी भरून घासलेली. दुकानदार मान खाजवू लागला. "झाडालाच असते हो गाठ. टेनिस बॉलने काही होत नाही."

कीपर वळला. "भावा, आमच्या वहिनीला गाठीची बॅट दाखवतो व्हय रं?"

"तूच म्हणालास ना फोनवर, कमीतली काढून ठेव!"

"कमीतली म्हनलो. भंगार न्हाई म्हनलो!"

दोघं हमरीतुमरीवर आले आणि मला हसू आलं. किती दिवसांनी, ते आठवत नाही. भाव गाठीचा होता. माझा नव्हता. तिथे कुणाच्याही मनात माझ्याबद्दल एवढी दया नव्हती की त्याने मला फसवायचं सोडून द्यावं.

"डेव्हिएशनवर पास," मी म्हणाले.

कीपर माझ्याकडे वळला. स्टंप त्याच्या हातातच राहिले. मग सावकाश म्हणाला, "डेव्हिएशनला सही लागती, वहिनी."

"माझी."

तरी गाडीपाशी आल्यावर मी विचारलंच, खरं सांगा, तुम्ही वर काही दिलं नाहीत ना? "त्या गाठीला? मी काय येडा हाय का!" तो इतका चिडला की मला विश्वास ठेवावा लागला.

पुढच्या रविवारी मी खेळायला उतरले. नवख्याचा पहिला चेंडू मोजत नाहीत, त्याला ट्राय बॉल म्हणतात. पहिल्याच चेंडूवर माझा स्टंप उडाला तर ती सूट मला मिळणार, असं मी धरून चालले होते. स्टंप उडाला. चेंडू टाकणारी शेजारीण दोन्ही हात वर करून मैदानभर ओरडत पळाली. ट्राय बॉलचं नाव कुणी काढलं नाही. मी बॅट काखेत धरून बाहेर येऊन बसले.

भाजीवाली अजून कोथिंबीर टाकते; ती का टाकते, ते मला माहीत नाही. बॅट दारामागे असते. गाठीपाशी चीर गेली आहे, तिथे मी टेप गुंडाळली आहे. रविवारी मी खेळायला जाते.