विहिरीच्या कठड्यातली खोबण

अनंतशेट गेल्याचं मला पालीच्या बाजारात कळलं. कौलांच्या गाडीवाल्याने सांगितलं, तेही बैल सोडता सोडता. गूळ घ्यायला गेलो होतो, तो न घेताच परत फिरलो. महिना झाला, पण चित्त थाऱ्यावर नाही. लोक त्याला दानशूर म्हणतात, पेपरात तसं छापूनही आलं. मला तो अंता. एका वाडीतले आम्ही. तो पुढे कौलांच्या कारखान्याचा मालक झाला, मी गवंडीच राहिलो.

त्याच्या कारखान्याने खाडीच्या कडेची माती इतकी काढली, की भरतीचं पाणी आत शिरलं आणि वाडीची विहीर खारट झाली. बायका घागरी घेऊन टेकाडापलीकडे जाऊ लागल्या. मग अंताने वरच्या अंगाला नवी विहीर खणून दिली. चिऱ्यांचं बांधकाम माझं. कठड्यात पाटीपुरती खोबण ठेवली होती. पाटी मुंबईहून आली, संगमरवरी. वर त्याचं नाव, खाली ‘लोकांस दान’.

मी म्हटलं, “नाव राहू दे, दान काढ. एक विहीर घालवलीस, एक दिलीस. यात दान कुठलं?”

“मेल्या, उद्या मामलेदार यायचाय. आता काय खोडत बसू?”

“मग दुसरा गवंडी बघ.”

गवंडी काय, त्याला छप्पन मिळाले असते. पण दुसऱ्या दिवशी मामलेदाराने रिकाम्या खोबणीलाच हार घातला. अंता वर्षभर माझ्याशी बोलला नाही... मात्र खाडीकडची खणती त्याने बंद केली. माती लांबून आणू लागला, कौल महागलं, गिऱ्हाईक कुरकुरलं. का केलंस ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. रोज संध्याकाळी कारखान्यातून चालत यायचा, स्वतः पाणी ओढून प्यायचा आणि आपली तांब्याची लोटी त्या खोबणीत पालथी ठेवून जायचा. वाटसरूही तीच वापरत.

परवा त्याचा मुलगा ती पाटी घेऊन आला. “काका, बाबा गेले. आता तरी बसवा.” पाटी माझ्या पडवीत भिंतीला टेकून आहे. मेलेल्या माणसाशी हट्ट कसला, असं घरची म्हणते. मलाही झोप नाही. पण अक्षरं तीच आहेत, आणि खाडीकडे मुलाने पुन्हा टिकाव लावलेत...

काल विहिरीवर गेलो. लोटी होती तिथेच. पाणी प्यालो, लोटी पालथी ठेवली आणि घरी येऊन मुलाला निरोप धाडला : पाटी बसवली तर तुझ्या बापाची लोटी कुठे ठेवायची, ते आधी सांग.