चौथ्या मजल्यावरची वीस मीटर तार

मी नोकरीसाठी मिरजेहून बडोद्याला निघालो, तेव्हा बाबांनी माझ्या ट्रंकेत तांब्याच्या तारेचं वेटोळं ठेवलं. आईला लाडवांचा डबा बसवायला जागा पुरेना. बाबा म्हणाले, "लाडू आठ दिवसांत संपतील. तार राहू दे." मग मला म्हणाले, "खोली घेताना नळाला पाणी येतं का ते बघशीलच. तार ताणायला जागा आहे का, तेही बघ."

बाबा हौशी रेडिओवाले. सरकारी परवाना, स्वतः जुळवलेला सेट, त्याला एरियल म्हणून ताणलेली तार, आणि बोलण्यापेक्षा मोर्सची आवड. मलाही त्यांनीच परवाना काढायला लावला. बडोद्याच्या वाडी या जुन्या भागात मला मिळालेल्या भाड्याच्या खोलीला गच्ची होती. कारखान्यात जाण्याआधी रोज सकाळी मी मिरजेशी बोलायचो.

पुढे लग्न झालं, मोबाइल आले, फ्लॅट घेतला. सेट माळ्यावर गेला. बोलणं सोपं झालं, तसं ते जेवण, हवा आणि ब्लडप्रेशर एवढ्यावर आलं. गाव सोडून आलेल्या तुम्हा बहुतेकांचंही असंच झालं असेल.

गेल्या वर्षी घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला. फोनवर आता आई बोलते. बाबा मेसेज करतात, पण काहीही विचारा, उत्तर एकच: "बरा आहे." म्हणून मी सेट खाली काढला.

गच्चीवर तार लावायला सोसायटीच्या सेक्रेटरींनी नकार दिला. "भाई, उत्तरायणमां बधा छोकरा उपर होय. कोई तारमां भराय तो?" संक्रांतीला पतंग उडवणारं एखादं पोर तारेत अडकलं तर, ही त्यांची भीती काही चुकीची नव्हती. मग तार घरातच लावायची ठरली.

हिशेबाने वीस मीटर तार लागते, मधोमध तोडून दोन्ही बाजूंना दहा-दहा. आमचा हॉल साडेपाच मीटरचा. छताखालून, भिंतीच्या कडेने, तारेची एक बाजू स्वयंपाकघरात नेली आणि दुसरी पॅसेजमधून बेडरूममध्ये. स्लॅबमधल्या सळयांमुळे हिशेब जुळेना, तेव्हा टोकं थोडी थोडी छाटत गेलो. तरी सेटमध्ये नुसती खरखर. ती आमच्याच चार्जरांची आणि दिव्यांची होती. शेवटी घराचा मेन स्विच बंद केला आणि सेट बॅटरीवर घेतला. बायको बडोद्याचीच, वाडीतल्या मराठी घरातली. पदराने वारा घेत म्हणाली, "पंखा बंद, फ्रिज बंद. दूध फाटलं तर तुमच्या बाबांनाच कळवा हं, मोर्समध्ये!"

मेसेजवर ठरवलेल्या वेळी बाबांची हाक आली. चालण्यावरून माणूस ओळखावा, तसा मोर्समध्ये हात ओळखू येतो. हात त्यांचाच होता. पण एका टिंबाच्या जागी दोन पडत होती आणि अक्षरं मध्येच तुटत होती. हात कापत होता. त्यांनी विचारलं, कसा ऐकू येतो, रिपोर्ट दे.

रिपोर्ट तीन आकड्यांचा असतो: किती कळतं, किती जोरात येतं, सूर कसा आहे. सगळ्यात चांगला पाच-नऊ-नऊ. हल्ली पुष्कळजण सरसकट तोच देऊन टाकतात. बाबांनी तसा कधी कुणाला दिला नाही, मीही नाही. त्या दिवशी मी दिला.

तिकडून अडखळत आलं, "खोटं. खरा दे."

मी खरा दिला. तीन-तीन-नऊ. आणि विचारलं, हात कधीपासून?

"दिवाळीपासून. वाढतोय. आईला वाटतं अशक्तपणाने. तिला सांगू नको." एवढं पाठवायला त्यांना फार वेळ लागला. मी एकेक अक्षर घेत राहिलो. संपलं असं वाटलं, तोच आणखी दोन रोमन अक्षरं आली, वाय आणि ई. "ये."

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी म्हटलं नव्हतं.

मेन स्विच चालू केला. पंखा फिरू लागला. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि दूध तापवायला ठेवलं. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं जातो आहोत.

घर कुठे, असं कुणी विचारलं की मी बडोदे सांगतो. आधार कार्ड इथलं, बायको इथली, फ्लॅट इथला. यापुढेही तेच सांगेन. पण आता रोज सकाळी थोडा वेळ आमच्याकडची वीज बंद असते, आणि मी कानाला हेडफोन लावून बसलेला असतो. एखाद्या सकाळी तिकडून नुसती खरखर येईल, हे बाबांना ठाऊक आहे आणि मलाही. तोवर माझं घर मिरजेला आहे.