तळ्यातली बाई आणि टपली

आमच्या घराण्यात लाड करायची पद्धत म्हणजे टपली. वडील मला मारायचे, मी मुलीला मारतो. अभ्यास झाला की टपली, जेवायला उशीर केला की टपली, काहीच निमित्त नसलं तर येता-जाता एक. 'लागत नाही हो तिला,' असं मी सगळ्यांना सांगत आलो. तिला मात्र कधी विचारलं नाही.

मुलगी सिंगापुरातच जन्मली, वाढली. मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमचा तह होता. त्याला अपवाद एकच. गेल्या वर्षी शाळेच्या लायब्ररीत तिला वेल्सच्या लोककथांचं एक जाडजूड पुस्तक सापडलं आणि त्यातल्या एका कथेवरून ती स्वतःची कादंबरी लिहायला लागली. लिहायची इंग्रजीत, पण संध्याकाळी मरीन परेडच्या फ्लॅटवरून आम्ही दोघं समुद्राकडे चालायला निघालो की लिहिलेला भाग मला मराठीत सांगायची. अडखळत, शब्द मागत. "बाबा, हूफ म्हणजे?" मी 'खूर' म्हणायचो आणि मनातल्या मनात फुशारायचो. दिवसभर ऑफिसात डोकं पिकलेल्या माणसाला तेवढंच सुख होतं.

मूळ कथा अशी. तळ्यातून एक बाई वर येते, एका साध्या शेतकऱ्याशी लग्न करते, आंदण म्हणून तळ्यातली गुरं आणते. अट एवढीच, की नवऱ्याने तिला तीनदा विनाकारण मारलं तर ती परत जाणार. तो मारतो, तेही हळूच, एकदा तर नुसत्या हातमोज्याने. तिसऱ्या वेळी ती उठते, एकेका गाईला नावाने हाक मारते आणि सगळी गुरं घेऊन तळ्यात उतरते. माझ्या मुलीची नायिका म्हणजे या बाईची मुलगी. आईला परत आणायला ती वासरावर बसून तळ्याच्या तळाशी निघालेली, आणि मागे लाल कानांचे पांढरे शिकारी कुत्रे.

"टपलीने कुणी घर सोडतं का?" मी म्हणालो होतो. "नवऱ्याला चांगली सणसणीत मारू दे. वाचकाला पटायला नको?"

"नाही बाबा. हळूच मारलं, तेच तर आहे."

मला कळलं नाही. मी विषय वासराकडे नेला.

मग पुलाउ उबीनची सहल ठरली. आम्ही चार मराठी कुटुंबं बोटीने बेटावर गेलो, भाड्याच्या सायकली घेतल्या आणि दगडाच्या जुन्या खाणीत साठलेल्या तळ्यापाशी थालीपिठांचे डबे उघडले. पाणी हिरवं, अगदी स्तब्ध. मुलगी माझ्याजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाबा, माझं तळं असंच आहे."

हे तिने फक्त मला सांगितलं होतं. पण 'काकांना म्हणून दाखव' ऐकत वाढलेला माणूस मी, राहवलं नाही. "अहो, ऐका! आमच्या लेखिकाबाई गोष्ट सांगणार आहेत. मराठीत हं!"

"बाबा, प्लीज, नको."

"अगं, घरचीच तर माणसं आहेत. ऊठ."

ती उठली. दोन वाक्यं बोलली आणि अडखळली. एक काकू म्हणाल्या, "किती गोड बोलते, नाही?" बाकीच्यांचं लक्ष डब्यांकडे वळलंय असं मला वाटलं आणि मी तिची गोष्ट माझ्याकडे ओढून घेतली. "थोडक्यात काय, बायको रुसून माहेरी गेली आणि जाताना अख्खा गोठा घेऊन गेली!" हशा पिकला. त्या हशाच्या भरात मी तिच्या डोक्यात टपली मारली.

"कशासाठी?" तिने विचारलं. मराठीत, अगदी स्पष्ट.

"अगं, उगाच!"

पुन्हा सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो शेतकरी कोण, हे तिने मला कितीतरी संध्याकाळी सांगितलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंडातून 'चुकलं' निघेना. चार माणसांत कसं म्हणायचं? टपली मात्र चार माणसांत मारता आली होती.

परतीच्या बोटीत ती दुसऱ्या टोकाला बसली. दुसऱ्या दिवशी चालताना मी माफी मागितली. "इट्स ओके, बाबा," ती म्हणाली. खरंच रागावलेली नव्हती, आणि त्याचंच मला जास्त लागलं. थोड्या वेळाने मी विचारलं, "मग? वासरू पोचलं का तळाशी?"

"डोन्ट नो, लाह," ती अस्सल सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

खूर, शिंग, दावण, गोठा, माझ्याकडून मागून नेलेला एकही शब्द त्यानंतर माझ्या कानावर आला नाही. कादंबरी पूर्ण झाल्याचं मला बायकोकडून कळलं.

चालायला आम्ही अजूनही जातो. परवा वाटेत झाडावरून एक वाळकं पान तिच्या केसांत पडलं. ते काढायला मी हात वर केला. तिने चटकन मान खाली घातली, डोळे मिटले, खांदे आवळून घेतले. ही सवय काही त्या सहलीनंतरची नव्हती. इतकी वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी पाहिलीच नव्हती.

मी हात मागे घेतला. पान तसंच केसांत घेऊन ती पुढे चालत राहिली.